काच वाहते म्हणे!

भाची बारावीला आहे, सायन्स. डिसेंबरात क्लासची टेस्ट झाली, त्यात दोन मार्कांना प्रश्न होता, काचेला सुपरकूल्ड लिक्विड, म्हणजे गोठण्याच्या तापमानाखाली जाऊनही स्फटिक न झालेला द्रव, का म्हणतात. तिनं लिहिलं की काचेत कण द्रवासारखेच वेडेवाकडे बसलेले असतात म्हणून तसं म्हणायची पद्धत आहे, पण खोलीच्या तापमानाला काच वाहत नाही, आणि जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात तो ती बनवण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. सरांनी उत्तरावर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, नोट्समधलं उत्तर लिही. दोनपैकी शून्य. संध्याकाळी फोन आला, "मामा, तुझ्यामुळे दोन मार्क गेले, आता तूच येऊन सरांना सांग."

मी काही गेलो नाही. क्लासच्या सरांशी भांडून काय मिळणार, ते बिचारे बोर्डाच्या मॉडेल आन्सरला बांधलेले. पण डोक्यातून विषय जाईना, कारण माझं पोटच या गोष्टीवर चालतं. मी औषधाच्या फॉर्म्युलेशन लॅबमध्ये काम करतो आणि आमच्याकडे अमॉर्फस औषधं, म्हणजे रेणू ओळीत न बसलेली, थोडक्यात औषधाची काच, हा रोजचा धंदा आहे. स्फटिकापेक्षा ती पाण्यात लवकर विरघळते म्हणून हवी असते, पण आतले रेणू हलत राहिले तर शेल्फवरच तिचे परत स्फटिक होतात आणि मग गोळीचा उपयोग कमी होतो. त्यामुळे "काचेतले रेणू किती हलतात" हा प्रश्न आमच्यासाठी दोन मार्कांचा नाही, अख्खी बॅच त्यावर अवलंबून असते. म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे, शाळा-कॉलेजात काचेबद्दल जे शिकवलं जातं ते चूक आहे, ती चूक सुधारायची म्हणून आख्खा धडाच उडवणं ही त्याहून मोठी चूक आहे, आणि त्या जागी जे शिकवता येईल ते इतकं भारी आहे की ते न शिकवणं म्हणजे ताटातलं पक्वान्न उचलून नेण्यासारखं आहे.

आधी ती खिडकी. एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, बारावीच्या केमिस्ट्रीत पहिला धडा होता घन अवस्थेचा, आणि त्यात वर्षानुवर्षं हे होतं की जुन्या इमारतींच्या खिडक्या-दारांच्या काचा खालच्या बाजूला जराशा जाड आढळतात, कारण काच अतिशय हळू खाली वाहत असते. देशभर लाखो पोरांनी हे पाठ केलं, मीही केलं, आणि माझ्यासारख्या अनेकांनी पुढे दहा-वीस जणांना मोठ्या ऐटीत सांगितलं. ऐकायला छान वाटतं ना, समोरची खिडकी वाहतेय आणि आपल्याला दिसत नाहीये.

आमच्या आजोळी वाड्याला माडीवर रंगीत काचांची खिडकी आहे, लाल-निळी-पिवळी, जुनी. एका मे महिन्यात सुताराने चौकट दुरुस्तीला काढली तेव्हा मी लॅबमधला व्हर्नियर कॅलिपर नेला आणि सुट्ट्या झालेल्या सगळ्या काचांची जाडी मोजत बसलो. मामीला वाटलं पोरगं येडं झालं. एक काच वरच्या कडेला जाड, दुसरी डावीकडे, तिसरी खाली, चौथीत तर मधेच फुगवटा होता, नखाने चाचपला तरी कळायचा. खाली जाड असायचा नियम वगैरे काही नाही. एका वाड्याच्या चार काचांवरून सिद्ध काहीच होत नाही हे मलाही कळतं, पण युरोपातल्या जुन्या चर्चच्या ज्या काचा खाली जाड म्हणून दाखवतात, त्यांचं खरं कारणही असलंच आहे. त्या काळी सपाट काच करायची एक पद्धत अशी होती की फुगवलेला तापलेला गोळा गरागरा फिरवायचा, त्याची मोठी चकती व्हायची, मध्याकडे जाड आणि कडेला पातळ, मग तिचे तुकडे कापायचे. साहजिकच तुकड्याची एक बाजू जाड. बसवणारा कारागीर डोकं असलेला माणूस, जड बाजू बहुतेक वेळा खाली ठेवायचा. झालं.

बरं, खिडक्या सोडा, दुर्बिणी घ्या. अमेरिकेत यर्किस वेधशाळेत १८९७ पासून ४० इंची भिंगाची दुर्बीण आहे. भिंगाच्या पृष्ठभागात प्रकाशाच्या तरंगलांबीच्या काही अंशाइतका जरी फरक पडला तरी प्रतिमा बिघडते. काच वाहत असती तर खिडकीआधी दुर्बिणीवाल्यांनी बोंब मारली असती.

आणि हिशोबही झालाय. १९९८ मध्ये ब्राझीलच्या एडगर झानोटो यांनी अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये लिहून दाखवलं की खोलीच्या तापमानाला काच लक्षात येण्याइतकी वाहायला १० च्या ३२ व्या घाताइतकी वर्षं लागतील. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, म्हणजे १० च्या दहाव्या घाताच्या जरा वर. पुढच्याच वर्षी त्यांनी तो आकडा स्वतःच बराच खाली आणला. मग २०१७-१८ च्या सुमारास वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या मध्ययुगीन काचेच्या घटकांनुसार काच बनवून लोकांनी प्रत्यक्ष मोजमापांवरून हिशोब केला, तेव्हा कळलं की खोलीच्या तापमानाला तिची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहायला होणारा विरोध, आधीच्या अंदाजापेक्षा तब्बल १६ घातांनी कमी आहे, म्हणजे एकावर सोळा शून्यं इतक्या पटींनी. एवढा अंदाज चुकला, तरी निष्कर्ष जागचा हलला नाही, शंभर कोटी वर्षांत काच वाहील ती फार तर १ नॅनोमीटर. मला या गोष्टीत हेच सगळ्यात आवडतं. सोळा शून्यांची चूक पोटात घालूनही उत्तर टिकतं असं किती ठिकाणी होतं?

पण इथवर आलं की लोक थांबतात, "चला, मिथक फुटलं" म्हणून टाळ्या वाजवतात आणि पुढे जातात. खरी गंमत इथून सुरू होते. काच वाहत नाही ठीक आहे, पण का वाहत नाही? स्फटिकात रेणू कवायतीसारखे ओळीत उभे असतात, तिथे हलणं अवघड हे समजतं. काचेचा फोटो काढला आणि त्याच पदार्थाच्या द्रवाचा फोटो काढला, तर रेणूंच्या मांडणीत ढोबळमानाने काहीच फरक दिसत नाही. एक वाहतं, एक नाही. मांडणी तीच, मग मधे बदललं काय? फिलिप अँडरसनसारख्या नोबेल मिळालेल्या माणसाने १९९५ मध्ये काचेच्या सिद्धांताला घनपदार्थांच्या शास्त्रातला बहुधा सगळ्यात खोल न सुटलेला प्रश्न म्हटलं होतं, आणि तो आजही सुटलाय असं कोणी छातीठोक म्हणत नाही. हा प्रश्न बारावीच्या पोरांना कळण्यासारखा आहे का? माझं उत्तर, शंभर टक्के. त्यासाठी लॅब लागत नाही, चिक्की लागते.

घरी गुळाची चिक्की केली असेल तर माहिती असेल, चिक्कीचा गूळ घ्यायचा, तूप टाकायचं, पाक करायचा, आणि थोड्या थोड्या वेळाने एक थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकून बघायचा. आधी थेंब पाण्यात पसरतो. मग मऊ गोळी होते, बोटाने दाबली की दबते. मग चिवट. आणि मग एक क्षण येतो, थेंब वाटीच्या काठावर आपटला की टण्ण आवाज येतो आणि दाताखाली कट्कन तुटतो, आई लगेच गॅस बंद करून दाणे ओतते. त्या क्षणाला पाण्यातल्या त्या थेंबाची काच झालेली असते. उपमा म्हणून नाही सांगत, शास्त्राच्या भाषेतली काच, जशी खिडकीची तशी ती साखरेची. कोरड्या साखरेची काच साधारण ६०-७० अंश सेल्सियसच्या खाली घट्ट राहते, खिडकीच्या काचेला हाच उंबरठा साधारण साडेपाचशे अंशाच्या आसपास. पाण्याचा अंश जरासा जास्त राहिला तर साखरेचा उंबरठा धाडकन खाली येतो, म्हणून पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं की चिक्की लिबलिबीत होते. (आमच्याकडे स्टॅबिलिटी चेंबरमध्ये ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत गोळ्या सहा महिने ठेवतात, तो प्रकार म्हणजे गोळीला मुद्दाम पावसाळा दाखवणं.)

आता त्याच पाकाचं अजून एक निरीक्षण, हे सगळ्यांनी केलेलं असतं पण कोणी लक्ष देत नाही. पाक कोमट असताना चमच्याने हळू वर ओढला तर लांब तार निघते. तोच पाक, त्याच क्षणी, झटका देऊन ओढला तर तार निघत नाही, तुकडा पडतो. म्हणजे हळू विचारलं तर तो द्रव आहे आणि घाईत विचारलं तर घन. पोरं खेळतात तो स्लाईम घ्या, हळू ओढा लोंबतो, झटक्यात ओढा तुटतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६७ मध्ये हीच गोष्ट एका ओळीत पकडली. प्रत्येक द्रवाला एक स्वतःचा वेळ असतो. त्या वेळेपेक्षा झटपट दाबलं तर द्रव स्प्रिंगसारखा ताठ वागतो, आणि त्याहून सावकाश दाबलं तर आतले रेणू जागा बदलून घेतात, ताण विरतो, द्रव वाहतो. या जागा बदलून घेण्याला रिलॅक्सेशन म्हणतात आणि त्याला लागणारा वेळ म्हणजे रिलॅक्सेशन टाइम. मॅक्सवेलचा हिशोब असा की व्हिस्कॉसिटी म्हणजे झटक्यातला ताठपणा गुणिले हा वेळ. ज्याला लोक काच होण्याचा उंबरठा म्हणतात तिथे व्हिस्कॉसिटी साधारण १० चा १२ वा घात पास्कल-सेकंद असते आणि खिडकीच्या काचेसारख्या पदार्थाचा ताठपणा १० च्या १० व्या घाताच्या आसपास पास्कल. भागाकार करा, १०० सेकंद. म्हणजे ज्या तापमानाला रेणूंना जागा बदलायला दीड-पावणेदोन मिनिटं लागायला लागतात तिथे आपण "काच झाली" म्हणतो, कारण आपल्यालाच त्याहून जास्त थांबायचा कंटाळा येतो. पाण्यात हेच काम एका सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आगेमागे उरकतं.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ पासून डांबराचा एक नरसाळं-प्रयोग चालू आहे, डांबर हातोडीने फोडलं तर ठिकऱ्या उडतात आणि तसंच ठेवलं तर साधारण आठ ते तेरा वर्षांतून एक थेंब पडतो. जॉन मेनस्टोन यांनी त्याच्यावर अर्धं आयुष्य लक्ष ठेवलं, एकदाही थेंब पडताना बघायला मिळाला नाही, २०१३ मध्ये गेले आणि पुढचा थेंब २०१४ च्या एप्रिलमध्ये सुटला. असो, विषय भरकटला, पण मला हे आठवलं की दरवेळी वाईट वाटतं.

तर मुद्द्याचा प्रश्न, थंड केलं की हा वेळ इतका का वाढतो? शाळेतलं आर्‍हेनियसचं उत्तर असं की रेणूला जागा बदलायला एक अडथळा ओलांडावा लागतो, उष्णता कमी झाली की ओलांडणं अवघड. बरोबर आहे पण पुरत नाही. ग्लिसरीन घ्या, मेडिकलमध्ये मिळतं तेच. खोलीच्या तापमानाला, म्हणजे साधारण २९५ केल्विनला, त्याचा रिलॅक्सेशन टाइम नॅनोसेकंदाच्या आसपास. त्याचे स्फटिक होऊ न देता १९० केल्विनपर्यंत थंड केलं, म्हणजे उणे ८३ सेल्सियस, की तो होतो १०० सेकंद. तापमान एक-तृतीयांशाने उतरलं आणि वेळ ११ घातांनी वाढला. अडथळा जर तेवढाच राहिला असता तर आर्‍हेनियसच्या हिशोबाने वेळ मायक्रोसेकंदाच्या आतच राहायला हवा होता, मी कागदावर करून बघितलंय, अर्ध्या तासाचं काम आहे, बारावीची पोरं सहज करतील. खरे १०० सेकंद यायचे तर अडथळाच जवळपास दुप्पट व्हावा लागतो. मग हा अडथळा उंच केला कोणी?

इथे येते ती ताठपणाची गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड विद्यापीठातले येप्पे डायर, निल्स बॉय ओल्सन आणि टागे क्रिस्टेन्सन यांनी १९९६ मध्ये एक साधी कल्पना मांडली, तिला शोव्हिंग मॉडेल म्हणतात, मी त्याला धक्काबुक्कीचं मॉडेल म्हणतो. गर्दीच्या वेळची लोकल डोळ्यासमोर आणा. दादरला उतरायचंय, तुम्ही मधे अडकलाय. तुम्हाला हलायचं तर आजूबाजूच्या लोकांनी क्षणभर अंग चोरून तुम्हाला जागा करून द्यावी लागते. तुम्हाला किती जोर लावावा लागेल हे तुमच्यावर कमी आणि आसपासची गर्दी किती ताठ उभी आहे यावर जास्त ठरतं. रेणूचंही तसंच, जागा बदलायची तर शेजाऱ्यांना क्षणभर बाजूला ढकलावं लागतं, हे ढकलणं इतकं झटपट होतं की त्या वेळात आजूबाजूचा द्रव वाहून जायला वेळच नसतो, तो स्प्रिंगसारखा ताठ असतो. म्हणून अडथळ्याची उंची म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, द्रवाचा झटक्यातला ताठपणा गुणिले एक ठरावीक छोटं आकारमान. थंड केलं की द्रव ताठ होत जातो, म्हणून अडथळा वाढत जातो, म्हणून वेळ आभाळाला भिडतो.

यातलं एक बारीक सौंदर्य मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटकन कळलंच नव्हतं. ताठपणा दोन प्रकारचा असतो, एक चेपायला लागणारा, आणि एक आकार वेडावाकडा करायला, सरकवायला लागणारा. यातला कुठला मोजायचा? गणित केलं तर असं निघतं की एका गोळ्याने फुगून आजूबाजूचं लवचिक माध्यम बाहेर ढकललं तर बाहेरचं माध्यम कुठेही चेपलं जात नाही, फक्त आकार बदलतं. ढकललं गेलं तरी बाहेरच्या कुठल्याही भागाचं आकारमान तेवढंच राहतं. म्हणून हिशोबात येतो तो सरकवण्याचा ताठपणा, शिअर मॉड्युलस. जे मोजणं अवघड होतं त्यासाठी रोस्किल्डवाल्यांनी पायझोइलेक्ट्रिक, म्हणजे वीज दिली की आकार बदलणाऱ्या, चकत्यांचं आपलं स्वतःचं उपकरण बनवलं, आणि त्यात व्हॅक्युम पंपात वापरतात त्या सिलिकॉन तेलासारख्या गोष्टी घालून थंड करत बसले. मला अशी माणसं आवडतात.

आणि परिणाम बघा केवढा. उंबरठ्यावर वेळ १०० सेकंद आहे, आणि रेणूंची आपापल्या जागी थरथरण्याची वेळ साधारण १० चा उणे १४ वा घात सेकंद धरली तर अडथळा उष्णतेच्या ऊर्जेच्या साधारण ३७ पट येतो. आता तापमान तेच ठेवून समजा ताठपणा फक्त २० टक्के कमी झाला, ३७ च्या जागी साडेएकोणतीस झाले, तर वेळ साधारण दीड हजार पटींनी खाली येतो, १०० सेकंदांचे सेकंदाचे काही शतांश होतात. ताठपणात वीस टक्के म्हणजे डोळ्याला न दिसणारा फरक, वेळेत दीड हजार पट. घातांकाची ताकद पोरांना बँकेच्या व्याजाने शिकवतात, यानं शिकवा की.

यात मी आंधळा भक्त नाही हे सांगून टाकतो, कारण भौतिकशास्त्रवाले लगेच येतील. एक, ही कल्पना काही १९९६ ला आकाशातून पडली नाही, रशियात नेमिलोव्हने १९६८ मध्ये जवळपास इथवर मजल मारली होती. दोन, हे मॉडेल बऱ्याच द्रवांना छान लागू पडतं, सगळ्यांना नाही. तीन, आणि हे महत्त्वाचं, ताठपणा आणि वेळ बरोबरीने वाढतात म्हणून एकामुळे दुसरा वाढतो असं लगेच म्हणता येत नाही, दोघांच्या मागे तिसरंच कोणी असेल. अॅडम आणि गिब्ज यांनी १९६५ मध्ये वेगळंच म्हटलं होतं, की थंड होताना रेणूंना एकेकट्याने हलता येत नाही, मोठमोठे गट एकत्र हलावे लागतात आणि गट वाढत जातो. त्या बाजूचं काम आपल्याकडेही जोरदार झालंय, स्मरजित कर्माकर, चंदन दासगुप्ता आणि श्रीकांत शास्त्री यांनी २००९ मध्ये कॉम्प्युटरवर द्रव थंड करून हा वाढता आकार आणि वाढता वेळ यांचा संबंध तपासला, आणि पुण्यात एनसीएलमध्येही (नॅशनल केमिकल लॅबोरेटरी) या विषयावर सैद्धांतिक काम चालतं. गर्दी ताठ होते की गर्दीचा घोळका मोठा होतो, यावर अजून एकमत नाही.

घाई केली की कसं तोंडावर पडतो त्याचंही उदाहरण याच विषयात आहे. २००४ मध्ये नोविकोव्ह आणि सोकोलोव्ह यांनी नेचर या विज्ञान साप्ताहिकात दाखवलं की चेपण्याचा आणि सरकवण्याचा ताठपणा यांच्या गुणोत्तरावरून द्रव थंड होताना किती झपाट्याने आखडेल हे सांगता येतं. सुंदर सरळ रेषा. २००६ मध्ये त्याच साप्ताहिकात उत्तर आलं, अजून काही काचा त्या आलेखावर टाका, रेषा मोडते. निवडक काचा घेतल्या की सगळं जुळतं. आता मला सांगा, बारावीच्या पोराला शास्त्र कसं चालतं ते दाखवायला याहून चांगली गोष्ट कुठली?

आणि आपण काय केलं? २०२२ मध्ये एनसीईआरटीने अभ्यासक्रम हलका करायचा म्हणून बारावीच्या केमिस्ट्रीतून घन अवस्थेचा धडाच काढला, पॉलिमरचा आणि रोजच्या जगण्यातल्या रसायनांचाही त्याच फटक्यात गेला, पुढे नीटच्या अभ्यासक्रमातूनही घन अवस्था गेली. आपल्या राज्याच्या पुस्तकात धडा पहिलाच आहे हे त्यातल्या त्यात बरं, पण क्लासवाल्यांच्या नोट्स एकदा छापल्या की पिढ्यान्पिढ्या चालतात, त्यामुळे खिडकी अजून वाहतेच आहे, भाचीचे दोन मार्क साक्षीला आहेत. म्हणजे केंद्राकडे प्रश्नच गेला, आणि आपल्याकडे चुकीचं उत्तर राहिलं. कुठलं जास्त वाईट यावर मी मित्रांशी तासभर वाद घातलाय. मला धडा जाणं जास्त वाईट वाटतं. चुकीचं वाक्य निदान खोडता येतं, त्यावर एखादी आगाऊ पोरगी शून्य मार्क घेऊन का होईना भांडू शकते. जे पुस्तकातच नाही त्याच्याशी कोण भांडणार?

यावर शिक्षक असलेल्या एका मित्राने मला दोन गोष्टी सुनावल्या, दोन्हीत दम आहे. पहिली, "पोरांवर आधीच ओझं आहे, तू मॅक्सवेल आणि शिअर मॉड्युलस घुसवतोस." अरे पण ओझं कशाचं आहे? त्याच धड्यात युनिट सेलच्या, म्हणजे स्फटिकातल्या परत परत येणाऱ्या सगळ्यात छोट्या तुकड्याच्या, घनतेची गणितं ढिगाने असतात, सूत्रात आकडे टाका, उत्तर काढा, विसरा. त्यातली चार गणितं कमी करा आणि पाकाची तार एक तास वर्गात ओढू द्या. ताठपणा हा शब्द मराठीत आहे, स्प्रिंग नववी-दहावीपर्यंत माहीत झालेली असते, आर्‍हेनियस बारावीतच आहे. नवीन काहीच घुसवायचं नाहीये, असलेल्या तीन गोष्टी एकमेकींना भेटवायच्या आहेत.

दुसरी गोष्ट त्याने म्हटली ती जास्त बोचली. "ज्याचं उत्तर शास्त्रज्ञांनाच माहीत नाही ते परीक्षेत विचारायचं कसं, तपासणार कोण?" यावर मी तेव्हा गप्प बसलो. खरं आहे, एका दिवसात शेकड्याने पेपर तपासणाऱ्या माणसाला मॉडेल आन्सर लागतंच, तो काय प्रत्येक पोराशी चर्चा करणार आहे का. पण नंतर विचार केला की अंतिम उत्तर माहीत नसलं तरी पायऱ्या तपासता येतात. "काच वाहते का" असं विचारूच नका. असं विचारा, एका पदार्थाची व्हिस्कॉसिटी इतकी आणि ताठपणा इतका, तर रिलॅक्सेशन टाइम काढा, आणि तो पदार्थ एका सेकंदाच्या धक्क्याला कसा वागेल, शंभर वर्षांच्या वजनाला कसा वागेल ते सांगा. किंवा, अडथळा बदलला नाही असं धरून ग्लिसरीनचा १९० केल्विनचा वेळ काढा आणि मोजलेल्या वेळेशी ताडून फरकाचं एक शक्य कारण लिहा. कारणाला एक मार्क, ताठपणा लिहा नाहीतर मोठे गट लिहा, दोन्हीला द्या, खिडकी लिहिली तर देऊ नका. आकड्याला एक मार्क. झाले दोन.

आमच्या लॅबमध्ये याच धर्तीचा एक ठोकताळा आहे, अमॉर्फस औषध त्याच्या काच होण्याच्या तापमानाच्या ५० अंश खाली ठेवलं की रेणू गोळीच्या एक्स्पायरीपर्यंत फारसे हलत नाहीत असं धरायचं. इंडोमेथॅसिन नावाचं वेदनाशामक आहे, त्याची काच साधारण ४२-४५ अंशाला होते, म्हणजे या नियमाने ते उणे तापमानात ठेवायला हवं, म्हणून तसं नुसतं ठेवत नाहीत, पॉलिमरमध्ये मिसळून उंबरठा वर नेतात. नवीन जॉइन झालेली एमफार्मची मुलं दरवेळी विचारतात ५०च का, ४० का नाही. बारावीत काच वाहते हे पाठ करून आलेली असतात ना, त्यामुळे पहिला आठवडा मी त्यांच्याकडून फक्त ते वाक्य पुसून घेण्यात घालवतो, मग चिक्की आणतो.

भाचीला मी सांगितलंय, बोर्डात प्रश्न आला तर नोट्समधलं लिही, मार्क घे, खाली एक ओळ जास्तीची लिही. ती म्हणाली ओळीला मार्क नसतात मामा, मग कशाला लिहू.